मी तंबाखू खात नव्हते

लातूरला बालवाडीत शिकवायचे तेव्हा रोज सकाळी माझं पहिलं काम म्हणजे लेकरांची तोंडं बघणं. तीसेक लेकरं ओळीत उभी करायची आणि म्हणायचं, "आ करा." ज्यानं दात घासले नाहीत त्याला बोटावर मीठ द्यायचं आणि कोपऱ्यात पिटाळायचं. चूळ भरायला तिघांत मिळून एक पेला पाणी, कारण त्या वर्षांत लातुरात नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना हाका मारून सांगायचे. मी या कामात फार कडक होते. माझे स्वतःचे दात इतके घट्ट होते की मी हरभरे फोडून खायचे. आणि का नसतील? मी दिवसातून पाच-सहा वेळा दात घासायचे, मिसरीनं.

ज्यांच्या घरात मिसरी नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूचा पाला तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, कुटायचा, फडक्यातून चाळायचा आणि डबीत भरायचा. भाजताना सगळ्या घराला ठसका लागतो. ती काळी भुकटी बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना चोळायची आणि तशीच गालात धरून उंबऱ्यात बसायचं. शेजारीण आली की आधी डबी पुढं करायची, मग बोलायचं.

आमच्या घरात तंबाखू खाणारा माणूस एकच, माझ्या लेकीचे, सुजाताचे वडील, म्हणजे माझे मालक. त्यांच्या तंबाखूवरून मी किती भांडले असेन! एकदा त्यांची तंबाखूची चंची मी गटारात फेकली होती. आणि त्याच दिवशी संध्याकाळी, त्यांनी नवीन आणलेल्या पुड्यातला मूठभर पाला काढून मी तव्यावर टाकला. पाला एक, दुकान एक. तरी त्यांचं ते व्यसन आणि माझं ते दात घासणं. यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही.

डबी

ही मिसरीची डबी माझ्याकडे कशी आली तेही सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझं लग्न झालं आणि वर्षभरात तो मोठा दुष्काळ पडला. रेणापूरजवळच्या गावात आम्ही राहायचो. मी पंधरा-सोळा वर्षांची. सासूबाईंबरोबर मी खडी फोडायच्या कामावर जायचे. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. दुपारी लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी असायची, कधी सरकारी सुकडी. आत्याबाई आपली भाकरी मोडायच्या आणि मोठा तुकडा मला द्यायच्या. एक दिवस त्यांच्याकडेही काही नव्हतं. त्यांनी कनवटीची डबी काढली, बोटावर भुकटी घेतली आणि म्हणाल्या, "शांते, लाव जरा हिरडीला. भूक मरती."

मला गरगरलं, ओकारी आली. चौथ्या दिवशी काहीच झालं नाही. आठव्या दिवशी मीच मागितली.

त्यांनी मला विष दिलं असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. त्यांच्याजवळ जे होतं ते त्यांनी दिलं.

पुढं दिवस पालटले. लातूरचा नवीन जिल्हा झाला, कचेऱ्या उघडल्या, सुजाताच्या वडलांना शिपायाची नोकरी लागली. आम्ही लातुरात दोन खोल्यांत आलो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, पोरीला शाळेत घातलं, मला बालवाडी मिळाली. भूक गेली. डबी राहिली.

पांढरा डाग

डाव्या गालात आतून काहीतरी खरखरीत लागायला लागलं. जीभ सारखी तिकडं जायची. तिखट लागलं की आग व्हायची. आरशात बघितलं तर हिरडीशेजारी पांढरा चट्टा. मी काय केलं असेल? त्यावर मिसरी दाबून धरली. मिसरीनं ती जागा बधिर व्हायची आणि मला वाटायचं, गुण येतोय. असे पाच महिने गेले.

मधे एकदा दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता का?"

मी ताठ मानेनं म्हणाले, "छे! आमच्याकडं फक्त हे खातात." आणि मालकांकडं बोट दाखवलं. मालक ओशाळले. डॉक्टरांनी गुळण्यांचं औषध आणि गोळ्या दिल्या. त्यांना दोष देत नाही. त्यांनी विचारायचं ते विचारलं होतं आणि मी जे खरं समजत होते तेच सांगितलं होतं.

मग एक दात हलायला लागला. भाकरीच्या घासावर रक्त दिसायला लागलं. एका सकाळी बालवाडीत मी "आ करा" म्हणून ओरडले तेव्हा पुढच्या ओळीतली एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तुमीबी करा की."

सगळी लेकरं हसली. मीही हसले आणि आ करायला गेले. तोंड उघडेना. एक बोट जाईल एवढंच उघडलं. मी हसत हसत गाणं सुरू केलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी घाबरले.

बार्शी

तेव्हा लातूरहून बार्शीकडे अरुंद रुळांची छोटी गाडी जायची. मी आणि सुजाताचे वडील त्या गाडीनं गेलो. बार्शीला कॅन्सर बघतात एवढंच माहीत होतं. तो शब्द आम्ही दोघांनीही गाडीत उच्चारला नाही. ते खिडकीतून उघड्या बोडक्या माळाकडं बघत राहिले. मी डब्यातल्या बायकांना नाव-गाव विचारत राहिले, कारण गप्प बसलं की भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तपासणार म्हणून मी पहाटेच उठले आणि चांगली दोनदा मिसरी लावून दात घासले. मोठ्या डॉक्टरांसमोर घाण तोंड कसं उघडायचं? खळखळून चूळ भरली, पदरानं ओठ पुसले.

डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलणारे. त्यांनी बॅटरी धरली, गालाच्या आत कापसाचा बोळा फिरवला आणि बाहेर काढला. बोळा काळा झाला होता.

"हे काय आहे?"

"मिसरी."

"कागदावर तर लिहिलंय, तंबाखू खात नाही."

"नाहीच खात. दात घासते."

त्यांनी तो बोळा टाकला नाही. हातातच धरून विचारलं, "बाई, दिवसातून किती वेळा दात घासता?"

मी बोटांवर मोजायला लागले. उठल्यावर. चहानंतर. बालवाडीतून आल्यावर. जेवल्यावर. दुपारी शेजारणी येतात तेव्हा. संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी. एक हात संपला, दुसरा सुरू झाला, आणि मोजता मोजताच मला कळलं. कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. शिकवणारी बाई मी, आणि हा हिशेब कधी केलाच नव्हता.

तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्यानं निकाल आला. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर आहे. जबड्याचा थोडा भाग काढावा लागेल, मग किरणांचा शेक द्यावा लागेल. उशीर झालाय, पण फार नाही." मला "फार नाही" एवढंच ऐकू आलं आणि ते मी घट्ट धरून ठेवलं.

बाहेर आल्यावर सुजाताच्या वडलांनी खिशातली चंची काढली, दवाखान्याच्या खिडकीत ठेवली आणि निघाले. मला भरून आलं. पाच मिनिटांनी ते परत गेले आणि घेऊन आले. मी बघितलं. त्या दिवशी भांडण करायची माझ्यात ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही कनवटीला डबी होतीच.

पाटी

ऑपरेशनचं मी फार सांगत नाही. शुद्धीवर आले तेव्हा अर्धा चेहरा माझा नव्हता. नाकातून नळी, त्यातून पातळ पेज. बोलता येत नव्हतं. मालकांनी बाजारातून एक पाटी आणि पेन्सिल आणली. बालवाडीची बाई पुन्हा पाटीवर आली. मी लिहायचे, ते अक्षर अक्षर लावून वाचायचे, आणि ते वाचून होईपर्यंत माझा राग निघून जायचा. आमचा संसार इतका शांत कधीच नव्हता.

शेजारच्या खाटेवर केजकडच्या गोदाबाई होत्या, साठीच्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझा चेहरा त्या बरोबर वाचायच्या. सकाळी पट्टी बदलताना दुखायचं तेव्हा त्या माझ्या पायाचा अंगठा धरून बसायच्या. ते आठवलं की आजही मला बरं वाटतं.

पण सगळं चांगलंच सांगायचं असं नाही. दुखण्यापेक्षा मला डबीची आठवण जास्त छळायची. माझी डबी नर्सबाईंनी कधीच काढून घेतली होती. तोंडात टाके, आणि बोट आपोआप गालाकडं जायचं. गोदाबाईंच्या उशाखाली डबी होती. कॅन्सरच्या दवाखान्यात, उशाखाली! एक दिवस त्या हळूच म्हणाल्या, "लावू नकं बाई, पन वास तर घे." मी घेतला. दोन वेळा घेतला. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

एकदा मी डॉक्टरांना पाटीवर विचारलं, "माझी सासू माझ्या दुप्पट लावते. तिला का नाही झालं?"

ते म्हणाले, "सगळ्यांना होत नाही. पण कुणाला होणार ते आधी सांगता येत नाही. म्हणून कुणीच लावायची नाही."

सुजाताचं पत्र

शेक सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. आतून तोंड सोलल्यासारखं झालं होतं, थुंकी गिळणं हेसुद्धा काम होतं. त्यात सुजाताचं पत्र आलं. सुजाता माझी एकुलती एक, तेव्हा अकरा वर्षांची, आजीजवळ, म्हणजे आत्याबाईंजवळ लातुरात होती. मी पत्र उशीजवळ ठेवून पुरवून पुरवून, थोडं थोडं वाचलं. शाळा, पाण्याची रांग, मांजरीची पिल्लं. मग खाली लिहिलं होतं:

"आई, माझी दाढ लई दुखत होती. मी रडत होते. मग आजीनं मला मिसरी लावली. आता दुखत नाही. मी आता रोज लावते. तुझ्यासाठी नवी डबी मीच भरून ठेवलीय. तू आलीस की तुला भाजावी लागणार नाही."

मी ते पत्र मालकांच्या अंगावर फेकलं आणि पाटीवर इतक्या जोरात लिहिलं की पेन्सिल तुटली. "मला घरी न्या."

"शेक अर्धवट सोडता येत नाही," ते म्हणाले. "मी जाऊन आईला सांगतो."

मी लिहिलं, "तुम्ही काय सांगणार? तुमच्याच खिशात आहे."

मी पुसून पुन्हा लिहिलं, "सुजाताला इथं आणा."

"इथं? लेकराला हे असलं दाखवायचं?" त्यांचा आवाज चढला. "भिऊन जाईल ना पोरगी. आईचं तोंड असं बघून काय राहील तिच्या मनात?"

त्यांचं चूक नव्हतं. मी स्वतःच अजून आरसा बघितला नव्हता. पण मला मरणाची जेवढी भीती वाटली नाही तेवढी त्या भरून ठेवलेल्या डबीची वाटत होती. पोरीनं ती माझ्यासाठी, मायेनं भरली होती. मला जशी मिळाली तशीच ती तिला मिळाली होती. मी पाटीवरचं वाक्य पुसलं नाही. दोन दिवस ती पाटी तशीच खाटेवर उभी करून ठेवली. तिसऱ्या दिवशी ते लातूरला गेले.

व्हरांडा

पोरीच्या सोबतीला म्हणून आत्याबाईही आल्या. गाठोड्यातल्या डब्यात माझ्यासाठी मऊ भाताची पेज, आणि कनवटीला डबी. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही बसलो. सुजाता माझ्या पट्टीकडं बघत होती, जवळ येत नव्हती.

मी पट्टी सोडली. जेवढं उघडता येत होतं तेवढं तोंड उघडलं आणि बॅटरी तिच्या हातात दिली.

तिनं एकदा बघितलं आणि आजीच्या मागं जाऊन लपली. टाके काढतानाही मला एवढं लागलं नव्हतं.

आत्याबाई माझ्यावर चिडल्या. "काय करायलीस गं लेकराला? दाढ दुखत व्हती म्हनून लावली. मी काय वैरीन हाय का तिची? म्या साठ वर्सं लावली, मला काय झालं? सांग की, काय झालं?"

माझ्या मनात काय काय आलं! पत्र आल्यापासूनचा राग होता. तोंड असतं तर मी त्या माऊलीला नको ते बोलले असते, आणि ते मला जन्मभर पुरलं असतं. पण माझ्याकडं पाटीच होती. पाटीवर जागा थोडी असते, म्हणून विचार करून लिहावं लागतं. मी लिहिलं आणि पाटी त्यांच्यापुढं धरली.

"मला वाचता येतंय का?" त्या म्हणाल्या. "सुजे, वाच काय म्हनती तुजी आई."

सुजाता आजीच्या पाठीमागून बाहेर आली. पाटी मांडीवर घेतली आणि शाळेत धडा वाचतात तसं, बोट ठेवून मोठ्यानं वाचलं:

"आत्याबाई, दुष्काळात तुम्ही मला मिसरी दिली, कारण भाकरी नव्हती. सुजाताला भाकरी आहे. तिला देऊ नका."

आत्याबाई पाटीकडं बघत होत्या, जणू आता अक्षरं कळायला लागली होती. मग त्यांचे डोळे वाहायला लागले. "मीच दिली व्हती," त्या म्हणाल्या. "तू ओकलीस, तरी म्या परत लावली. मला वाटलं, पोरगी भुकंनं मरंल." त्यांनी माझ्या चांगल्या बाजूच्या गालावरून हात फिरवला. "माझ्या तोंडाला काय न्हाई अन् तुझ्या तोंडाला... हे काय वाटप झालं गं माय?"

मी त्यांचा हात धरून ठेवला. खडी फोडून फोडून तो हात आयुष्यभरासाठी खडबडीत झाला होता. त्याच हातानं मोठा तुकडा मला दिला होता.

सुजातानं पाटी खाली ठेवली. बॅटरी उचलली. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्याच बालवाडीतल्या आवाजात म्हणाली, "आई, आ कर."

या वेळी तिनं नीट बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

नंतर

शेक पुरा झाला, मी घरी आले. सुजाता घरी पोचली त्याच दिवशी तिनं ती भरलेली डबी उकिरड्यावर ओतली होती, पण म्हणून लगेच सुटली असं नाही. अकरा वर्षांच्या पोरीची चिडचिड व्हायची, डोकं दुखायचं. माझंही तसंच होतं. मग आम्ही एक केलं. रोज सकाळी दारात समोरासमोर बसायचं आणि एकमेकींचं तोंड बघायचं. बोळा फिरवायचा. काळा निघाला तर खोटं बोलायची सोय नाही. तिचा एकदा निघाला. माझा दोनदा. दोघीही रडलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो.

आत्याबाईंची मात्र शेवटपर्यंत पूर्ण सुटली नाही. घरात भाजणं बंद केलं, शेजारी जाऊन लावायच्या आणि तोंड धुऊन यायच्या. आम्हाला कळायचं. पण एका सकाळी त्या आपणहून येऊन आमच्या शेजारी बसल्या, म्हणाल्या, "माझंबी बघ गं सुजे," आणि डोळे मिटून आ केलं. सुजाताच्या वडलांना आणखी चार वर्षं लागली. एकदा दातांच्या डॉक्टरांकडं त्यांनी स्वतः विचारलं, "माझ्या तोंडात काही दिसतंय का?" तिथून पुढं त्यांची चंची मी पाहिली नाही.

बालवाडीत परत गेले तेव्हा माझी अर्धी अक्षरं नीट येत नव्हती. लेकरांनी आठवडाभर टकमक बघितलं आणि मग गाणी माझ्यासारखीच बोबडी म्हणायला लागली. पालक तक्रार करायला आले. मी त्यांना उंबऱ्यात बसवलं आणि आधी त्यांच्या बायकांना विचारलं, "तंबाखू खाता का?" त्या म्हणायच्या, "छे!" मग मी विचारायचे, "दात कशानं घासता?"

हा दुसरा प्रश्न तुमच्या घरातल्या बाईला विचारा. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

सुजाता आता नांदेडला असते. तिचीही पोरं मोठी झाली. मी लातूरहून एसटीनं जाते. ती स्टँडवर घ्यायला येते, आणि माझ्या हातातली पिशवी घ्यायच्या आधी, चार माणसांत, मोबाईलची बॅटरी लावून म्हणते, "आई, आ कर."

माझं तोंड आता दोन बोटांएवढंच उघडतं. मी तिथंच, स्टँडवर, ते उघडून उभी राहते. लोक बघतात. ती डाव्या गालात बघते, उजव्या गालात बघते, जिभेखाली बघते. मग बॅटरी बंद करते आणि आपलं तोंड माझ्यापुढं उघडते.